उष्णता, तापमान आणि वेसाव्याचा बर्फ

वर्सोव्याच्या कोळीवाड्याला तेथील लोक वेसावे म्हणतात. या वेसाव्याच्या किनाऱ्यावर पहाटे कोणी गेला, तर समुद्राच्या गाजेबरोबर बर्फ फोडल्याचा आवाजहि त्याच्या कानीं पडतो. कारखान्यांतून आलेल्या लाद्या फोडून त्यांचा चुरा करतात आणि तो चुरा होड्यांच्या पोटांतील खणांत भरतात. होडी किती दिवस समुद्रावर राहणार, त्यावरून बर्फ किती घ्यावयाचा हें तांडेल ठरवतो. बर्फ कमी पडला तर मासळी किनाऱ्याला लागण्यापूर्वींच नासते. जास्त घेतला तर पैसा पाण्यांत जातो, आणि येथें हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो.

समजा, दहावींत शिकणारा एक मुलगा सुटीच्या दिवशीं आपल्या काकांच्या होडीवर बर्फ भरूं लागला आहे. शाळेंतला धडा त्याच्या डोक्यांत ताजा आहे. तो विचारतो, "काका, बर्फ शून्य अंशावर वितळतो ना? मग शून्य अंशाचें गार पाणीच भरून नेलें तर काय बिघडलें? अंश तर सारखेच!"

काका हातांतलें फावडें न थांबवतां सांगतात, "अरे बाळा, पाणी घटकाभर गार राहतें. बर्फ चार दिवस गार ठेवतो."

काकांनीं वापरलेल्या या दोन क्रियापदांत उष्णतेच्या शास्त्राचा पहिला धडा पुरा सामावला आहे. गार राहणें हा तापमानाचा प्रश्न आहे. गार ठेवणें हा उष्णतेचा. वितळणारा बर्फ आणि शून्य अंशावरचें पाणी यांचें तापमान एकच असतें, परंतु भोवतालची उष्णता गिळण्याची त्यांची ताकद एक नसते. पुस्तक वाचणारा मुलगा चुकला, याचें कारण त्याची बुद्धि मंद आहे हें नव्हे. ज्या भाषेंत तो वाढला, ती भाषाच या दोन्ही कल्पना एका खुंटीला टांगते.

श्रोत्यांनीं आपल्याच घरांतलें बोलणें क्षणभर आठवून पाहावें. तोंड आलें कीं 'उष्णता झाली' असें म्हणतात. आंबा उष्ण आणि ताक थंड. कांहीं घरांत तर बर्फहि 'उष्ण पडतो', आणि तसें सांगणाऱ्या आजीबाईंशीं वाद घालण्यांत अर्थ नसतो, कारण त्यांचा 'उष्ण' हा शब्द वैद्यकांतला आहे, पदार्थविज्ञानांतला नव्हे. 'ताप' म्हणजे आजार; आणि डोक्याला होणारा ताप तर कोणत्याच नळीनें मोजतां येत नाहीं. स्पर्शाच्या पायऱ्या मात्र आपली बोली मोठ्या बारकाईनें सांगते. गार, कोमट, ऊन, कढत, उकळतें या साऱ्या तापमानाच्या पायऱ्या होत. असें असतां, तापमान दाखवणाऱ्या यंत्राला जुन्या पुस्तकांनीं नांव दिलें तें 'उष्णतामापक'! उष्णता हें यंत्र मोजतच नाहीं. पुढें पाठ्यपुस्तकांत 'तापमापी' हा शब्द रूढ झाला तें फार बरें झालें; परंतु घरोघर अजूनहि 'उष्णता किती आहे' असें विचारूनच पारा पाहिला जातो.

पेलाभर चहा आणि बादलीभर ऊन पाणी यांची तुलना केली कीं हा घोटाळा सुटतो. दोन्हींचें पाणी ३० अंशांवर होतें असें धरूं. दीडशें ग्रॅमांचा पेला ९० अंशांपर्यंत तापवला, तर त्याला ९ किलोकॅलरी उष्णता द्यावी लागली. १५ लिटरांची बादली अवघी १० अंशांनीं वाढवून ४० वर आणली, तर १५० किलोकॅलरी लागल्या. जीभ भाजते ती पेल्यानें. गॅसचें सिलिंडर संपतें तें बादलीनें. तापमान हें पदार्थाच्या कणांच्या सरासरी धांवपळीचें माप आहे, म्हणून तें पदार्थ किती आहे यावर अवलंबून नसतें. उष्णतेला मात्र वस्तुमान, वस्तूचा प्रकार आणि तापमानांतील फरक या तिघांचाहि हिशेब द्यावा लागतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण महाविद्यालयांत गेलेले विद्यार्थीहि तेथें अडखळतात. पदार्थांत 'उष्णता सांठलेली असते' असें म्हणणें बरोबर नाहीं. पूर्वीं गिरणगांवांतून कोंकणांत दर महिन्याला मनिऑर्डरी जात. मनिऑर्डर वाटेंत असेपर्यंतच तिला मनिऑर्डर म्हणत. घरीं पोंचून पेटींत पडल्यावर ते नुसते रुपये झाले. पेटींत मनिऑर्डरी किती आहेत, असें कोणी विचारीत नसे. त्याचप्रमाणें तापमानांतील फरकामुळें एका वस्तूकडून दुसरीकडे वाटेंत असलेली ऊर्जा ती उष्णता. पोंचल्यावर ती त्या वस्तूची अंतर्गत ऊर्जा होते. 'ऊर्जा' हा शब्दहि मराठींत असाच हळूहळू स्थिर झाला. एके काळीं 'शक्ति' या एकाच शब्दाला सगळीं ओझीं वाहावीं लागत. आज बल, शक्ति आणि ऊर्जा यांचीं घरें वेगवेगळीं झालीं आहेत. इंग्रजींत तरी दुसरें काय झालें? टॉमस यंग यानें १८०७ सालीं छापलेल्या आपल्या व्याख्यानांत 'एनर्जी' हा शब्द शास्त्रीय अर्थानें वापरला, तोंवर तेथेंहि गोंधळच होता. त्यापूर्वीं १७८९ सालीं लव्हाझिए या थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें मूलद्रव्यांची यादी केली, तींत प्राणवायूच्या पंक्तीला 'कॅलोरिक' म्हणजे उष्णता हेंहि एक द्रव्य म्हणून बसवलें होतें.

बर्फाचें कोडें प्रथम उलगडलें तें ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक या अध्यापकानें, १७६० च्या सुमारास. बर्फ वितळण्याच्या बिंदूला पोंचला कीं आणखी थोड्याशा उष्णतेनें तो एकदम पाणी होतो, अशी तोंवर समजूत होती. ब्लॅकनें विचार केला कीं हें खरें असतें, तर उन्हाळा लागतांच डोंगरावरचें सारें बर्फ एका झपाट्यांत वितळून महापूर आले असते. तसें होत नाहीं, त्या अर्थीं बर्फ बरीच उष्णता गुपचूप पोटांत घालीत असला पाहिजे. ब्लॅकनें हें आपल्या वर्गांत वर्षानुवर्षें शिकवलें, पण पुस्तक लिहिलें नाहीं. त्याचीं व्याख्यानें त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्यें छापलीं गेलीं.

हा प्रयोग कोणत्याहि स्वयंपाकघरांत करतां येईल. पातेल्यांत फोडलेला बर्फ आणि थोडें पाणी घ्यावें, मंद आंचेवर ठेवावें, तापमापी बुडवावी आणि सारखें ढवळीत राहावें. शेवटचा खडा विरेपर्यंत पारा शून्यावरून फारसा हालत नाहीं. मग इतका वेळ जळलेल्या गॅसची उष्णता गेली कोठें? ती बर्फाच्या कणांची घट्ट बांधणी सैल करण्यांत खर्च झाली. १ किलो बर्फाचें शून्य अंशावरचें पाणी होण्यास ८० किलोकॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेनें तेंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत, म्हणजे हात पोळण्याइतकें तापलें असतें. या दडलेल्या उष्णतेला जुन्या पुस्तकांत 'सुप्त' किंवा 'गुप्त उष्णता' म्हणत. बालभारतीच्या पुस्तकांत 'अप्रकट उष्मा' हा शब्द आहे. 'सुप्त' हा शब्द कानाला गोड आहे खरा, पण कोणीतरी आंत झोंपलें आहे असा भास त्यानें होतो. 'अप्रकट' एवढेंच सांगतो कीं पाऱ्याला ही दिसली नाहीं. तें अधिक प्रामाणिक आहे. 'उष्णता' टाकून 'उष्मा' घेण्यांतहि शहाणपण दिसतें, कारण 'उष्णते'वर आंबे आणि औषधें यांचें ओझें आधींच पुष्कळ आहे.

आतां काकांच्या होडीचा हिशेब. मासळीचा पुष्कळ मोठा भाग पाणीच असल्यामुळें १ किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणावयास सुमारें २५ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. १ किलो बर्फ ८० घेतो. म्हणजे कागदावर १ किलो बर्फाला ३ किलो मासळी पुरे. प्रत्यक्षांत उष्ण प्रदेशांत मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घ्यावा अशी शिफारस करतात, कारण उरलेला बर्फ मासळी गार करण्यांत नव्हे, तर होडीच्या फळ्यांतून, इंजिनाकडून आणि उघडल्या झांकणांतून अहोरात्र आंत शिरणारी उष्णता परतवण्यांत खर्ची पडतो. मुलाच्या सूचनेप्रमाणें गार पाणी नेलें असतें तर? मासळी ५ अंशांपर्यंत चढूं देण्याची तयारी ठेवली, तरी १ किलो पाणी तेवढ्या अवधींत ५ च किलोकॅलरी घेतें. बर्फाचें काम करावयास सोळापट पाणी न्यावें लागेल. मग मासळीला जागा कोठली?

बर्फाच्या या चिवटपणावर एके काळीं मोठा व्यापार चालला. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचें 'टस्कनी' नांवाचें जहाज बॉस्टनहून सुमारें १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोंचलें, तेव्हां सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि! पुढें मुंबईसहि असा बर्फ येऊं लागला. उष्णता सहज आंत शिरूं नये म्हणून भोंवतीं भुसा दाबलेला असे. पण निव्वळ भुशानें हें साधलें नसतें. प्रत्येक किलोच्या ८० किलोकॅलरी हीच खरी तटबंदी होती.

कुल्फीवाला बर्फांत मीठ घालतो, त्यामुळें 'थंडी वाढते' असें मुलें समजतात. वाढत नाहीं. मिठामुळें बर्फाचा वितळण्याचा बिंदु खालीं सरकतो. बर्फ वितळूं लागतो, त्यासाठीं लागणारी उष्णता स्वतःच्याच अंगांतून ओढतो, आणि मिश्रणाचें तापमान शून्याखालीं २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. तापमान खूप उतरलें, पण किलोभर बर्फ एकंदर जी उष्णता घेणार, ती जवळजवळ तेवढीच राहिली.

बर्फ भरून होडी गेली कीं वेसाव्याच्या किनाऱ्यावर बायकांचें काम सुरू होतें, आणि तें नेमकें उलट दिशेचें आहे. बांबू रोवून, दोर ताणून केलेल्या वलांडींवर बोंबील जोडीजोडीनें एकमेकांच्या जबड्यांत अडकवून वाळत टाकतात. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. किलोमागें ८०० ग्रॅम तरी पाणी उडवावें लागतें. ३० अंशांच्या आसपास १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे बर्फ वितळण्याच्या सातपट. तेव्हां किलोभर बोंबलामागें साडेचारशेंहून अधिक किलोकॅलरी ऊन आणि वारा यांच्याकडून फुकट मिळवावयाच्या असतात. एवढ्या उष्णतेनें पावणेसहा किलो बर्फ वितळला असता. मळभ आलें, हवा दमट झाली, कीं ही उष्णता मिळूनहि उपयोग होत नाहीं, कारण वाफ सामावून घेण्यास हवेंत जागा उरत नाहीं. मग माल आंबतो, किडे पडतात, आणि बाजारांत त्याला भाव राहत नाहीं.

त्याच किनाऱ्यावर दुपारीं वाळू पाय भाजते आणि दोन पावलांवरचें पाणी गारच असतें. ऊन दोघांवर एकच. पण वाळूचें तापमान एका अंशानें वाढवण्यास तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारें पंचमांश उष्णता पुरते. यालाच पुस्तकांत 'विशिष्ट उष्माधारकता' असें लांबलचक नांव आहे. शिवाय समुद्र आपली उष्णता खोलवर वांटून टाकतो. याच कारणानें दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो आणि रात्रीं जमिनीकडून मतलई. हा मतलई शब्द दर्यावर्दी लोकांचा. त्याला पाठ्यपुस्तकानें आदरानें घरांत घेतलें, आणि म्हणूनच तो मुलांच्या लक्षांत राहतो. परिभाषा करणाऱ्यांनीं किनाऱ्यावर अधिक वेळां फेरी मारली असती तर बरें झालें असतें.

येथवर झालेले सर्व बदल भौतिक होते. पाणी पाणीच राहिलें. रसायनशास्त्रांत पदार्थच पालटतो, आणि त्याबरोबर उष्णतेची देवघेव होते. ज्या अभिक्रियेंत उष्णता बाहेर पडते ती उष्मादायी, आणि जींत भोवतालची उष्णता ओढली जाते ती उष्माग्राही. हे दोन्ही शब्द चांगले आहेत, आणि दोहोंचें उदाहरण एकाच पदार्थांत, चुन्यांत, मिळतें.

कोंकण किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. शिंपला काय किंवा चुनखडी काय, दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतें. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी सुमारें ९०० अंशांच्या भट्टींत पुरी भाजली, तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायॉक्साइड उडून जातो. या अभिक्रियेंत सुमारें १७८ किलोजूल उष्णता शोषली जाते. (कॅलरीऐवजीं आतां पुस्तकांत जूल हें एकक वापरतात, १ किलोकॅलरी म्हणजे सुमारें ४.१८ किलोजूल. आहारतज्ज्ञांची 'कॅलरी' मात्र खरोखर किलोकॅलरी असते, हेंहि जातां जातां ध्यानांत ठेवावें.) ही झाली उष्माग्राही अभिक्रिया. आतां त्या ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो फसफसतो, फुगतो, वाफा निघतात. चुना विरतांना सुमारें ६५ किलोजूल उष्णता बाहेर पडते; ही उष्मादायी. किलोभर चुन्याची गोष्ट केली, तर जवळजवळ ४ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला यावें इतकी ही उष्णता आहे. म्हणूनच हा प्रयोग मुलांनीं घरीं करूं नये. उडालेल्या थेंबानें डोळा जातो. उष्माग्राही बदल पाहावयाचाच असेल, तर पेलाभर पाण्यांत दोन चमचे नवसागर विरघळवावा आणि पेल्याला हात लावून पाहावा. कल्हईवाल्याकडचा तो नवसागर पाण्याची उष्णता घेतो आणि पेला गार पडतो. येथेंहि पुष्कळ मुलें उलट उत्तर लिहितात. पेला गार लागला, म्हणून 'उष्णता बाहेर गेली' असें त्यांना वाटतें. हिशेब कोणाच्या वहींत मांडावयाचा तें आधीं ठरवावें: नवसागराच्या विरघळण्याच्या खात्यांत जमा झाली, आणि पाण्याच्या, पेल्याच्या व हाताच्या खात्यांतून वजा झाली. रसायनशास्त्राची वही नेहमीं अभिक्रियेच्या बाजूनें लिहितात. म्हणून उष्माग्राही बदलापुढें अधिक चिन्ह आणि उष्मादायी बदलापुढें उणें चिन्ह येतें.

ही उष्णता येते कोठून, या प्रश्नाला एक चुकीचें उत्तर फार पसरलें आहे. 'रासायनिक बंधांत ऊर्जा सांठवलेली असते, बंध तुटला कीं ती मोकळी होते' असें वर्गावर्गांतून सांगितलें जातें. वस्तुस्थिति नेमकी उलटी आहे. बंध तोडावयास नेहमींच ऊर्जा खर्चावी लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळतांना. हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते, त्याचा जमाखर्च पाहावा. हायड्रोजनचा बंध तोडण्यास ४३६, आणि प्राणवायूचा अर्धा वांटा तोडण्यास २४९, मिळून ६८५ किलोजूल खर्च. नंतर पाण्यांतील दोन बंध जुळतांना प्रत्येकीं सुमारें ४६३, म्हणजे ९२६ किलोजूल जमा. शिल्लक सुमारें २४१, आणि तीच ज्वाळेची उष्णता. चुलीवरच्या गॅसला प्रथम ठिणगी लागते ती याच कारणानें: पहिला खर्च कोणीतरी करावा लागतो, मग धंदा आपल्या नफ्यावर चालतो.

चुन्याचें खातें मात्र अजून बंद झालेलें नाहीं. भट्टींत १७८ किलोजूल घातले. विरतांना ६५ परत आले. उरलेले ११३ कोठें आहेत? सेंट पीटर्सबर्ग येथें काम करणाऱ्या हेस या रसायनशास्त्रज्ञानें १८४० मध्यें नियम सांगितला, कीं एका पदार्थापासून दुसऱ्यापर्यंत कोणत्याहि वाटेनें गेलें, एका उडींत किंवा दहा टप्प्यांत, तरी उष्णतेचा एकूण हिशेब तोच राहतो. विरलेला चुना भिंतींत भरला कीं तो हवेंतला कार्बन डायॉक्साइड सावकाश घेऊं लागतो आणि पुन्हां कॅल्शियम कार्बोनेट होतो; पाणी सुटून जातें. जेथून निघालें तेथेंच सारें परत आलें, तेव्हां या टप्प्यांत ११३ किलोजूल बाहेर पडलेच पाहिजेत, आणि मोजमाप केलें असतां तेवढेच पडतात. फक्त ते इतके हळू पडतात कीं भिंतीला हात लावून कोणालाहि तें कळत नाहीं.

वर्सोव्याच्या खाडीपलीकडे मढ येथें पोर्तुगीजांच्या वेळचा किल्ला आहे. १७३९ सालीं तो मराठ्यांनीं घेतला. अशा जुन्या बांधकामाच्या जाड भिंतींत आंतवरचा चुना वर्षानुवर्षें, कोठें शतकानुशतकें, हवा घेत राहतो आणि एके काळीं भट्टींत घेतलेली उष्णता थोडी थोडी करून फेडीत असतो. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर होड्या त्याच्यासमोरून बर्फ घेऊन समुद्राकडे निघतात.